आवडतं कूळ एकच निवडायचं तर कोणतं? (परसबागेची आखणी)

वाफसा (धागाकर्ता)

परसबाग आखताना बहुतेक जण भाज्यांची यादी करतात आणि ती वाफ्यांत कोंबतात. टोमॅटो काढला तिथे वांगी, वांगी काढली तिथे मिरची. कागदावर तीन वेगळी पिकं. मातीतल्या रोगजंतूंच्या लेखी मात्र ते एकच पीक, कारण तिन्ही सोलॅनेसी कुळातली. तिसऱ्या हंगामात रोपं उभ्या उभ्या माना टाकतात आणि दोष बियाण्यावर जातो.

म्हणून यादी उलट्या बाजूने करू. आधी कूळ, मग त्यातल्या भाज्या. चर्चेपुरती जागा ठरवून घेऊ: १.२ मीटर रुंद, २ मीटर लांब असे चार वाफे, मधल्या वाटा वेगळ्या. दिवसाला सहा तास थेट ऊन. निम्मी जागा, म्हणजे दोन वाफे, एकाच कुळाला द्यायचे झाले तर कोणतं कूळ निवडाल?

"चव आवडते" हे कारण चालेल, पण पुढे अंतरं, दिवस आणि काय बिघडतं तेही लिहा. हवामान प्रत्येकाचं वेगळं, तेव्हा महिन्यांऐवजी तापमान लिहिलंत तर सगळ्यांना उपयोग होईल.

मांडवकाका

वेलवर्गीय. कुकुर्बिटेसी. काकडी, दोडका, घोसाळं, कारलं, दुधी, पडवळ, भोपळा, तोंडली. जागेच्या हिशोबाने दुसरं कूळ जवळही येत नाही, कारण मुळांना अर्धा मीटर आळं पुरतं आणि बाकीचा कारभार हवेत चालतो. दोन वाफ्यांच्या कडेला २ मीटर उंच मांडव उभा केला की झालं. मांडवाची सावली बाकीच्या वाफ्यांवर पडणार नाही अशी बाजू तेवढी निवडा.

आळं ४५ सेंमी लांब-रुंद-खोल. काढलेल्या मातीत ४-५ किलो पूर्ण कुजलेलं शेणखत मिसळून परत भरायचं. एका आळ्यात ३-४ बिया, २ सेंमी खोल. दोन पानांवर आल्या की जोमदार दोन ठेवून बाकीच्या कात्रीने कापायच्या. उपटल्या तर शेजारच्या रोपाची मुळं हलतात आणि या कुळाला मुळं हललेली अजिबात खपत नाहीत. रोपं कुंडीत करायची असतील तर मातीच्या गड्ड्यासकट लावा, तीन-चार पानांच्या आत. कारलं, पडवळ, घोसाळं यांचं कवच जाड असतं, बी रात्रभर भिजवा. माती २० अंशांच्या खाली असेल तर बी उगवण्याऐवजी कुजतं.

आता नेहमीची तक्रार: "फुलं खूप, फळ एक नाही." पहिले आठ-दहा दिवस बहुतेक नरफुलंच येतात, ते नॉर्मल आहे. मादीफुलाच्या देठाशी इवलंसं फळ दिसतं, नराला नुसता देठ. मादीफुलं येऊनही चिमुकली फळं पिवळी पडून गळत असतील तर परागीभवन होत नाहीये. उपाय हाताने: ताजं उमललेलं नरफूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या, आतला परागाचा दांडा मादीफुलाच्या मधल्या भागावर हलकेच फिरवायचा, सगळ्या बाजूंना पराग लागेल असा. एका नरात दोन माद्या होतात.

वेळ चुकवू नका. काकडी, भोपळा, कारलं, घोसाळं सकाळी लवकर. दोडका आणि दुधी संध्याकाळी उमलतात. सकाळी दहाला दुधीचं परागीभवन करायला गेलात तर मिटलेल्या फुलाशी खेळ होतो.

दुधी आणि कारल्यात मादीफुलं मुख्य वेलापेक्षा बगलेच्या फांद्यांवर जास्त येतात. म्हणून वेल मांडवावर पोचेपर्यंत बगलफूट काढायची आणि मांडवावर पोचला की शेंडा खुडायचा. नत्राचं खत जास्त झालं की पानं हाताएवढी होतात आणि मादीफुलं रुसतात. कडक उन्हाळ्यात, लांब दिवसांतही नरांचंच राज्य असतं.

शेंगसोल

काकांचं सगळं मान्य, पण फळमाशीबद्दल मौन का? 🙂

मांडवकाका

मौन नाही, वेगळं लिहायचं होतं. फळमाशी कोवळ्या फळाच्या सालीखाली अंडी घालते, अळ्या आत गर खातात, फळ वाकडं होऊन सडतं आणि अळी मातीत उतरून कोषात जाते. फवारा फळाच्या आत पोचत नाही, त्यामुळे फवारून उपयोग शून्याच्या जवळ. काम करणाऱ्या गोष्टी तीन. फळ बोटाएवढं झालं की कागदी किंवा पातळ कापडी पिशवी घालून देठाशी सैल बांधणं. किडलेलं फळ त्याच दिवशी उचलून बंद पिशवीत उन्हात टाकणं. खतखड्ड्यात टाकलं तर आपणच माश्या पाळतो. आणि वेलाखालची ५-७ सेंमी माती अधूनमधून हलवणं, म्हणजे कोष उघडे पडतात. क्यू-ल्यूरचा (माशीला ओढणाऱ्या गंधाचा) सापळा लावावा, पण तो फक्त नर पकडतो. लहान बागेत शेजारून माद्या येतच राहतात, त्यामुळे सापळ्याच्या भरवशावर पिशव्या सोडू नका.

एक गंभीर गोष्ट. दुधी, काकडी, दोडका कधी कधी कडू निघतात. तो कडवटपणा कुकुर्बिटॅसिनचा, आणि तो विषारी आहे. शिजवून जात नाही. दुधी चिरताना कच्चा कण जिभेला लावून पाहायचा, कडू लागला तर थुंकून टाकायचा आणि पूर्ण फळ फेकायचं. कारल्याची गोष्ट वेगळी, त्याचा कडूपणा निराळ्या द्रव्यांचा.

पानवाली

भुरी आणि केवडा या रोगांत लोक गल्लत करतात, तेही लिहून ठेवते, कारण दोन्ही याच कुळाला हमखास येतात. भुरी म्हणजे पानावर पिठासारखा पांढरा थर, बोटाने पुसला जातो. तिला पान ओलं लागत नाही, कोरड्या पानावर दमट हवेत ती वाढते. केवड्याचे डाग पिवळे, शिरांच्या चौकटीत अडकलेले कोनाकोनाचे, आणि पानाच्या खाली राखाडी-जांभळट लव. त्याला पान ओलं लागतं. म्हणजे केवडा असेल तर पाणी फक्त बुंध्याशी आणि सकाळी. भुरीवर एक भाग दूध नऊ भाग पाणी असं आठवड्यातून एकदा उन्हाच्या वेळी फवारलं तर सुरुवातीच्या टप्प्यात फरक पडतो. पाण्यात मिसळणारं गंधकही चालतं, पण ३२ अंशांवर तापमान असताना मारलं तर वेलीची पानं भाजतात.

शेंगसोल

माझं मत शेंगवर्गाला: घेवडा, चवळी, गवार, वाल, वाटाणा. मेथीसुद्धा याच कुळातली, हे विसरलं जातं.

पहिलं कारण, चूक झाली तरी पीक मिळतं. रोपवाटिका नाही, पुनर्लागण नाही. बी थेट ३-४ सेंमी खोल. बुटका घेवडा ओळीत १० सेंमीवर, ओळींत ४० सेंमी. पन्नासेक दिवसांत शेंगा. वेलाचा घेवडा दोन आठवडे उशिरा सुरू होतो पण कितीतरी जास्त दिवस देतो. दर दोन-तीन दिवसांनी तोडणी हवीच. वेलावर चार शेंगा जून झाल्या की झाडाला वाटतं काम संपलं, आणि फुलं थांबतात.

दुसरं कारण, तापमानाची रांग. वाटाण्याला १०-२० अंश आवडतात, २७-२८ च्या वर फुलं गळतात. घेवड्याला १८-२८. चवळी आणि गवार ३५ लाही तग धरतात. एकच कूळ धरून वर्षभर काही ना काही लावता येतं. ही सोय कोबीच्या कुळात नाही.

आधाराची चूक फार होते. वाटाणा तणाव्यांनी धरतो आणि ते तणावे नाजूक असतात, जाड बांबूला त्यांचा विळखा बसत नाही. त्याला बारीक काटक्या किंवा जाळी द्या. घेवड्याला तणावे नसतातच, त्याचं खोडच गुंडाळतं, वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट दिशेने. त्याला २ मीटरची सरळ काठी पुरते. वेल उलट्या दिशेने गुंडाळून बांधला तर तो सुटून पुन्हा आपल्याच दिशेने जातो. हट्टी कूळ.

बिघडतं काय? मावा कोवळ्या शेंड्यांवर येतो. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने दोन-तीन दिवस लागोपाठ झोडपला की बहुतांश आटोक्यात. घेवड्याचं बी तासन्‌तास भिजवू नका, झपाट्याने पाणी पिऊन डाळिंब्या तडकतात आणि अंकुर मोडतो. ओल्या मातीत पेरून पुढचे तीन-चार दिवस पाणी न देणं उत्तम. आणि राजमा-घेवड्याचे वाळलेले दाणे कच्चे किंवा अर्धवट शिजवून खाऊ नयेत, त्यातलं लेक्टिन हे विषारी द्रव्य नीट उकळल्याशिवाय मोडत नाही.

शिवाय नत्र फुकट! शेजारच्या वाफ्यालाही मिळतं.

तिखटजाळ

शेवटच्या वाक्याला हरकत. शेजारच्या वाफ्याला काही मिळत नाही. मुळांवरच्या गाठींमधले रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र बांधतात ते त्या झाडासाठी, आणि झाड त्यातला मोठा वाटा दाण्यांत भरतं. शेंगा तोडून नेल्या की नत्रही टोपलीतून स्वयंपाकघरात गेला. मातीला मिळतं ते मुळं आणि पाला तिथेच कुजल्यावर. म्हणून झाड उपटू नये, जमिनीलगत कापावं.

त्यातही घेवडा नत्र बांधण्यात या कुळातला आळशी गडी. चवळी, गवार पुष्कळ बऱ्या.

शेंगसोल

मान्य, घाईत लिहिलं. भर घालतो: गाठी आहेत एवढ्याने भागत नाही, त्या चालू आहेत का ते पाहायचं. फुलं येण्याच्या सुमाराला एक झाड मातीसकट उकरा, गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी-लाल असेल तर काम चालू. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. कारणं सहसा दोन: मातीत आधीच भरपूर नत्र आहे, त्यामुळे झाडाला जिवाणूंची गरजच वाटत नाही, किंवा त्या पिकाचा जिवाणू मातीत नाही. वाटाण्याचा रायझोबियम घेवड्याला चालत नाही, चवळीचा तिसराच. पाकिटावर पिकाचं नाव पाहूनच घ्या. प्रमाण १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम, म्हणजे मूठभर बियांना अर्ध्या चमच्याहूनही कमी. गुळाच्या गार पाण्यात कालवून बियांना चोळायचं, सावलीत सुकवायचं, लगेच पेरायचं. बुरशीनाशक लावलेलं रंगीत बी असेल तर त्यावर जिवाणू जगत नाहीत.

टोपलीभर

सहा तास ऊन कुणाकडे असतं? तीन-साडेतीन तास असेल तर कोणतं कूळ?

पानवाली

मग प्रश्नच मिटला, माझंच कूळ. ॲमरँथेसी: माठ, राजगिरा, पालक, चाकवत, बीट. फळ किंवा शेंग मागायची तर झाडाला ऊन मोजून द्यावं लागतं. पान मागायचं तर तीन-चार तासांत भागतं. फक्त माठ-राजगिरा उन्हाचे लोभी आहेत, सावलीत लांबट आणि फिक्के होतात. पालक, चाकवत कमी उन्हात खूश.

या कुळाची गंमत म्हणजे त्याचे दोन स्वभाव. माठ उष्णतेचा गडी, २५ ते ३५ अंशांत चार आठवड्यांत कापणीला येतो. पालक थंडीचा, १५-२५ अंश. दिवस लांब झाले आणि ऊब वाढली की तो पानं सोडून थेट फुलोऱ्यावर जातो. खत देऊन तो थांबत नाही. फुलाचा दांडा दिसला की कापून घ्या आणि माठ पेरा. एका वाफ्यात वर्षभर पालेभाजी हवी असेल तर ही अदलाबदल पुरते.

माठाचं बी खसखशीएवढं. चमचाभर बी पाच-सहा चमचे कोरड्या वाळूत मिसळून ओळीत पेरा, वर अर्धा सेंमी चाळलेलं खत, पाणी बारीक झारीने. नळीने पाणी दिलंत तर सगळं बी वाफ्याच्या एका कोपऱ्यात उगवतं. बीट आणि देशी पालकाचं "बी" म्हणजे खरं तर दोन-चार बियांचा गठ्ठा, म्हणून एका जागी झुपका येतो. पालकाला तो चालतो. बीटाला विरळणी केली नाही तर कंद बोटभरच राहतात. ८-१० सेंमीवर एक ठेवा.

कापताना जमिनीपासून ५ सेंमी वर, म्हणजे पुन्हा फूट येते. पालक तीन-चार वेळा, माठ दोन-तीन. दर १०-१२ दिवसांनी एक ओळ पेरत राहायचं. एकदम सगळा वाफा पेरला तर एका आठवड्यात पूर आणि मग दुष्काळ.

काय बिघडतं: पानावर वेड्यावाकड्या पांढऱ्या रेघा म्हणजे नागअळी, ती पानं तोडून नष्ट करा. माठाच्या पानाखाली पांढरे फोड म्हणजे पांढरा तांबेरा. दाटी कमी करा, पान ओलं ठेवू नका. आणि युरियाचा हात आवरा. कमी ऊन आणि जास्त नत्र एकत्र आले की पानांत नायट्रेट साठतं. सावलीच्या वाफ्यातली भाजी सकाळऐवजी दुपार उलटल्यावर कापली तर ते थोडं कमी असतं.

तिखटजाळ

सगळे सोप्या कुळांच्या मागे लागलेत. मी सोलॅनेसीची बाजू घेते: टोमॅटो, वांगी, मिरची, ढोबळी. (बटाटाही यातलाच, पण तो या चार वाफ्यांत आणू नका. टोमॅटोशेजारी तर मुळीच नको, उशिराचा करपा दोघांना एकच.) श्रम सर्वांत जास्त, पण एकदा बसवलेलं झाड महिनोन्‌महिने देतं. मिरची आणि वांग्याची छाटणी केली तर दुसरा बहरही धरतात.

रोपं: टोमॅटो २५-३० दिवसांचा, वांगी आणि मिरची ३५-४५ दिवसांची झाल्यावर लावा. मिरचीचं बी उगवायला आठ ते चौदा दिवस घेतं, पाचव्या दिवशी माती उकरून पाहू नका. अंतर: टोमॅटो ६० × ४५ सेंमी, वांगी ७५ × ६०, मिरची ४५ × ४५. टोमॅटोचं खोड खालची पानं काढून दोन-तृतीयांश पुरलं तरी चालतं, पुरलेल्या खोडाला मुळं फुटतात. ही युक्ती वांगी-मिरचीला लावू नका, त्यांना मूळच्याच खोलीवर ठेवा.

तापमान हाच खरा मालक. टोमॅटोला रात्री १५-२१ अंश लागतात. रात्र २४ च्या वर राहिली किंवा १३ च्या खाली गेली की पराग नीट होत नाहीत आणि फूल देठाच्या गाठीशी गळतं. अशा वेळी खत देणं म्हणजे ताप आलेल्याला जेवण वाढणं. हवा ठीक असूनही फळ धरत नसेल तर वारा कमी पडतोय. सकाळी उशिरा, फुलं कोरडी असताना घोसाच्या देठाला टिचकी मारा. टोमॅटोचा पराग परागकोशांच्या नळीतून हलवल्यावरच नीट सांडतो.

आता आजार. टोमॅटोच्या तळाला काळा, चामड्यासारखा डाग ही बुरशी नाही. फळापर्यंत कॅल्शियम पोचला नाही, आणि तो पोचला नाही कारण पाणी कधी खूप, कधी नाही. अंड्याची टरफलं टाकून या हंगामात काही होत नाही, ती विरायला फार वेळ लागतो. ५-७ सेंमी जाड पालापाचोळ्याचं आच्छादन आणि ठरलेल्या वेळी पाणी, एवढंच.

मिरचीचा बोकड्या: पानं वरच्या बाजूला होडीसारखी वळली तर फुलकिडे, खालच्या बाजूला वळली तर कोळी. हे आधी पाहा, मग औषध ठरवा. गंधक कोळ्यावर चालतं, फुलकिड्यावर नाही. फुलकिड्यांसाठी निळे चिकट सापळे आणि ५ टक्के निंबोळी अर्क: ५० ग्रॅम निंबोळी पूड लिटरभर पाण्यात रात्रभर, गाळून, चिमूटभर साबणचुरा, संध्याकाळी फवारणी, पानाच्या खालून.

वांग्याचा शेंडा दुपारी एकटाच मान टाकतो तेव्हा आत अळी आहे. छिद्राच्या दोन बोटं खाली कापून जाळा किंवा पाण्यात बुडवा. दर आठवड्याला हे केलं तर फळांत शिरणाऱ्या अळ्या खूप कमी होतात. टाळाटाळ केली तर वांगी चिरताना कळतंच.

वाफसा

मर रोग राहिला. हिरवंगार झाड दोन दिवसांत मलूल, पानं पिवळीही न होता, पाणी देऊनही उठत नाही: संशय जिवाणूजन्य मर, राल्स्टोनिया. खात्री घरच्या घरी होते. बुंध्याजवळचा खोडाचा १० सेंमी तुकडा कापा, काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घ्या, कापलेलं टोक पाण्याला टेकवून न हलवता धरा. काही मिनिटांत दुधासारखा धागा खाली उतरू लागला तर जिवाणू. नसेल आणि खोड आतून तपकिरी असेल तर बुरशीजन्य मर.

जिवाणू निघाला तर त्या वाफ्यात किमान तीन वर्षं या कुळातलं काही नको, आणि तिथलं पाणी दुसऱ्या वाफ्यात वाहू देऊ नका. खुरपं धुऊनच पुढे. वांगी-टोमॅटो लावायचीच असतील तर रानवांग्याच्या खुंटावर कलम केलेली रोपं हा मार्ग आहे.

गड्डा

कोबीकुळाचं कुणी नावच काढेना. कोबी, फुलकोबी, नवलकोल, ब्रोकोली, मुळा, मोहरी.

प्रामाणिकपणे सांगतो, परसबागेत दोन वाफे या कुळाला देऊ नका. कोबी आणि फुलकोबी ४५ सेंमीची जागा तीन महिने अडवतात आणि एक गड्डा देऊन मोकळे होतात. फुलकोबी तर जातीगणिक ठरावीक तापमान मागते; चुकीच्या हवेत लावली की लिंबाएवढी फुलं. रोप जास्त दिवस वाफ्यात थांबलं किंवा सुरुवातीला नत्र कमी पडलं तरी तेच. आतून पोकळ, तपकिरी दांडा निघाला तर बोरॉन कमी आहे. बोरॅक्स चौरस मीटरला १ ग्रॅम, पाण्यात विरघळवून, एकदाच. "थोडं जास्त" टाकलंत तर पुढच्या हंगामात तिथे घेवडा जळतो.

एक वाफा द्यायचा तर मुळा आणि नवलकोल. मुळ्याचे लहान प्रकार २५-३० दिवसांत, नवलकोल ५०-६० दिवसांत. नवलकोल क्रिकेटच्या चेंडूएवढा झाला की काढायचा. मोठा झाला की दोरे होतात. अळीसाठी लागवडीच्या दिवशीच १ मिमीहून बारीक जाळी अंथरा. पतंग पानावर बसलाच नाही तर पुढचं सगळं टळतं. उशिरा जाळी टाकली तर अळ्या आत सुरक्षित, पक्षी बाहेर उपाशी. बीटी (अळी मारणाऱ्या जिवाणूची पूड) फवारायची तर अळी लहान असताना, संध्याकाळी. उन्हात ती लवकर निकामी होते.

अवांतर: मायकोरायझाची पूड कोबीच्या खड्ड्यात टाकणं वाया जातं. या कुळाची मुळं त्या बुरशीशी जोडच करत नाहीत. पालक-बीटाचंही तसंच.

टोपलीभर

गाजर, कांदा कुठल्या यादीत?

गड्डा

गाजर कोथिंबिरीच्या कुळात, एपिएसी. ताजं शेणखत घातलेल्या मातीत गाजराला दोन-तीन पाय फुटतात, खडे असले तरी. बी १ सेंमी खोल, उगवेपर्यंत दोन-तीन आठवडे वरची माती एकदाही वाळता कामा नये. ओलं गोणपाट अंथरा आणि पहिला कोंब दिसताच उचला. कोथिंबिरीचे धणे रगडून दोन फोडी करून पेरायचे, एक-दोन झाडं फुलू द्यायची. त्या छत्रीसारख्या फुलांवर मावा खाणाऱ्या किड्यांचे आईबाप येतात.

कांदा-लसूण वेगळ्या कुळात. कांद्याचं बी वर्षभरात जोम गमावतं, जुनं पाकीट असेल तर पैजच. जात दिवसाच्या लांबीला जुळणारी नसेल तर नुसती पात मिळते. कडेला लावा, अख्खा वाफा नको. भेंडी माल्व्हेसीतली, तिचं घरात एकटीचंच कूळ समजा.

कुंडीवाला

वाफेच नसतील तर? कुंडीत कोणतं कूळ, आकारासकट सांगा.

पानवाली

पालेभाजीला १५ सेंमी खोल पसरट ट्रे पुरतो. मिरचीला ८-१० लिटर, टोमॅटो-वांग्याला १५-२० लिटर, बुटक्या घेवड्याला २५ सेंमी खोली. काकडी २० लिटरमध्ये जमते. दुधी-भोपळा ४० लिटरच्या खाली लावू नका. वेल होतो, फळं धरत नाहीत, कारण उन्हात कुंडी दुपारपर्यंत कोरडी पडते. म्हणून कुंडीसाठी मिरची आणि पालेभाजी, बाकी हौस.

मांडवकाका

मूळ प्रश्नाकडे. दोन वाफे एका कुळाला, म्हणजे तेच कूळ एका हंगामाआड त्याच मातीत परत येणार. पालेभाजी आणि शेंगवर्ग ते सोसतात. सोलॅनेसी सोसत नाही. माझं वेलवर्गीय कूळही नाही, केवडा नसला तरी सूत्रकृमीमुळे (मुळांत शिरणारे सूक्ष्म जंत).

तिखटजाळ

सूत्रकृमी कूळ पाहतच नाहीत, इथेच कुळावरची फेरपालट अपुरी पडते. मुळांवर गाठी करणारा सूत्रकृमी टोमॅटो, वांगी, काकडी, भेंडी, सगळ्यांवर जगतो. टोमॅटोच्या जागी काकडी लावली म्हणजे कूळ बदललं, पाहुणा तोच. रोप काढताना मुळं धुऊन पाहा. शेंगवर्गाच्या कामाच्या गाठी मुळाच्या बाजूला चिकटलेल्या असतात आणि नखाने निखळतात. सूत्रकृमीच्या गाठी म्हणजे मूळच सुजलेलं असतं, निखळत नाही. तशा दिसल्या तर पूर्ण वाफ्यात दाट झेंडू तीन महिने, मग कांदा-लसूण. दोन-चार झेंडू कडेला शोभेपुरते लावून उपयोग होत नाही.

वाफसा

म्हणजे माझा "निम्मी जागा" हा प्रश्न अर्ध्या कुळांसाठी चुकीचा होता. दुरुस्त करतो: सोलॅनेसी किंवा वेलवर्गीय आवडतं कूळ असेल तर एकच वाफा, चौथ्या वाफ्यापर्यंत फिरत. आवडतं कूळ शेंगवर्ग किंवा पालेभाजी असेल तरच दोन.

फिरवण्याचा क्रम असा धरता येईल का: पहिल्या वाफ्यात टोमॅटो-मिरची (कुजलेलं खत भरपूर, चौरस मीटरला ४-५ किलो), तो संपल्यावर घेवडा-चवळी (नवीन खत नको), मग पालक किंवा नवलकोल (शेंगवर्गाची मुळं कुजत असतात, त्याचा फायदा), मग गाजर-कांदा (खत जुनं झालेलं, गाजराला तेच हवं), आणि मग परत टोमॅटो?

शेंगसोल

धरता येईल. एक बदल: चवळीची झाडं कापल्यावर दोन-तीन आठवडे थांबा, मुळं थोडी कुजू द्या. लगेच बारीक बी पेरलंत तर कुजणाऱ्या पाल्यावरची बुरशी कोवळे कोंब जमिनीलगत खाते. नवलकोलची रोपं आधीच कुंडीत तयार असतील तर थांबण्याचे दिवस वाया जात नाहीत.

टोपलीभर

आणि काकांचे वेल?

मांडवकाका

वेलांचा मांडव हलवता येत नाही, आळं हलवता येतं. मांडवाच्या एका टोकाला या वर्षी, दुसऱ्या टोकाला पुढच्या. मधल्या जागी चवळी चढवा. जुन्या आळ्यातली वरची २० सेंमी माती काढून पालेभाजीच्या ट्रेमध्ये टाका. वेलांवरचा केवडा आणि भुरी पालकावर येत नाहीत. फक्त मुळांवर गाठी असतील तर ती माती कुठेच नेऊ नका.